बांधीतला मासा खातो काय? (प्रकल्प नोंदी)

२३ जून

जागा पक्की झाली. गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात मामांचं शेत तलावाच्या पाळीखाली आहे. त्यातल्या लगतच्या दोन बांध्या (बांध घातलेले धानाचे तुकडे) मामांनी दिल्या. एकीत धान आणि मासे, दुसरीत नुसता धान. तिसरं ठिकाण म्हणजे घरामागची बोडी, छोटं तळं. तिथे मासे असतातच आणि मामी त्यांना रोज कोंडा टाकते. प्रश्न सरळ आहे. बांधीत कोणी काही घालत नाही, तरी मासा वाढतो, तर तो खातो काय?

मामांचा प्रश्न त्याहून सरळ. "मासे धान खाऊन टाकतीन तं आमी का खाऊ?"

गवत्या (ग्रास कार्प मासा) सोडणार नाही, एवढं आधीच कबूल केलं. कोवळं हिरवं दिसलं की तो सोडत नाही, नव्या पऱ्ह्यांचा (धानाच्या रोपांचा) त्याच्यापुढे निभाव लागायचा नाही. सायप्रिनस (कॉमन कार्प) आणि रोहू, बस.

२९ जून

मासेवाल्या बांधीत उताराकडच्या धुऱ्याला (बांधाला) लागून चर खोदला, कमरेएवढा खोल. बांधीची साधारण दहावा हिस्सा जागा त्यात जाते. "तेवढा धान गेला नं," मामा. गेलाच. पण पावसाने दडी मारली किंवा पाणी काढावं लागलं तर मासा जाणार कुठे? निघालेल्या मातीने धुरा उंच करून घेतला. पाणी आत येतं आणि बाहेर जातं त्या दोन्ही तोंडांना बांबूच्या कामट्यांची जाळी बसवली. चराच्या एका टोकावर पळसाच्या फांद्या टाकल्या, बगळे आणि ढोकरीसाठी एवढा तरी अडसर.

८ जुलै

रात्री जोराचा पाऊस. पहाटे तलावाच्या सांडव्याखाली अर्धं गाव जमलेलं, मासे चढत होते. ढिवरांच्या (मासेमारांच्या) संस्थेतले आजोबाही होते. माझा प्रकल्प ऐकून हसले. "बांधीत मासा सोडाले का लागते? तो आपल्या पायानं येते."

खरंच आहे. या भागात धानाच्या बांधीतला मासा नवा नाही. पूर्व विदर्भात सहा हजारांवर माजी मालगुजारी (जमीनदारीच्या काळातले) तलाव आहेत, त्यातले कितीतरी कोहळी समाजाने बांधलेले. नवेगावबांधचा तलाव तर अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी बांधल्याचं इथे सगळेच सांगतात. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि तलाव सरकारजमा झाले, पण पाण्याची वाट तीच राहिली. तलाव, पाट, बांधी, खालची बांधी, शेवटी नाला. पावसाळ्यात मासा त्याच वाटेने उलटा चढतो आणि बांधीत अंडी घालतो, पिल्लं तिथेच वाढतात. पाणी उतरलं की पोरं हाताने धरतात. आपण फक्त बाहेरून बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) आणून सोडतोय.

आजोबांना विचारलं, मासा बांधीत काय खातो? "चिखल खाते, किडे खाते, शेवाळ खाते. भुकेला माणूस का पाहते?" माझा पुढचा सगळा उद्योग या एका वाक्याची तपासणी आहे.

२२ जुलै

रोवणी झाली. दोन्ही बांध्यांत एकच वाण, एकाच दिवशी. कंबर धरली आहे, आज एवढंच.

३ ऑगस्ट

पऱ्हे रुजून हिरवे झाले, तेव्हा बोटुकली सोडली. ऑक्सिजन भरलेल्या पिशव्या आधी चराच्या पाण्यात तरंगत ठेवल्या. आतलं-बाहेरचं पाणी सारखं कोमट झालं तेव्हा तोंड सोडून बांधीचं पाणी थोडं थोडं आत घेतलं. घाई केली तर निम्मी तिथेच उलटतात. सायप्रिनस लगेच तळाशी गेले आणि पाणी गढूळ व्हायला लागलं. रोहू घाबरट, कडेने थवा करून राहिले.

११ ऑगस्ट

माशाचं पोट उघडायच्या आधी त्याच्या ताटात काय वाढलंय ते बघायला हवं. आज दोन्ही बांध्यांतून तीन गोष्टी घेतल्या. एक, बारीक जाळीतून गाळलेलं पाणी. दोन, तळाचा बोटभर गाळ. तीन, पाण्यात बुडालेले धानाचे देठ कापून त्यांच्यावरचं बुळबुळीत पुट जुन्या टूथब्रशने खरवडून घेतलं.

पाण्यात सायक्लॉप्स, मोइना, ब्रॅकिओनस हे तरंगणारे सूक्ष्म जीव. अपेक्षेप्रमाणे. गाळात ट्युबिफेक्सच्या जातीचे लाल गांडुळासारखे बारीक किडे आणि कायरोनोमसच्या लाल अळ्या. अळ्यांचा रंग रक्तातल्या हिमोग्लोबिनसारख्याच द्रव्याचा, म्हणून ऑक्सिजन कमी असलेल्या गाळातही त्यांचं भागतं. पण देठावरच्या पुटाने वेळ खाल्ला. सूक्ष्मदर्शकाखाली ते एक वेगळंच गाव आहे. नॅव्हिक्युला, निट्झशिया हे डायटम (एकपेशीय शेवाळ), ऑसिलेटोरियाचे हलणारे धागे, स्पायरोगायराच्या पेशींतले हिरवे फिरकीसारखे पट्टे, आणि या सगळ्यात चरत फिरणारे रोटिफर हे सूक्ष्म प्राणी. एका देठावर हे, आणि बांधीत देठ किती! तळ्यात असा उभा पृष्ठभाग कुठे असतो?

लाईन गेली. बाकीचं उद्या.

१८ ऑगस्ट

पहिली पोटं.

मासे सकाळी दहाच्या सुमारास घेतले, कारण रात्रभर आणि पहाटे खाल्लेलं तेव्हा आतड्यात सापडतं. पाणी गरम असलं की पचन झपाट्याने होतं, त्यामुळे मासा हातात आल्यापासून घाई. लवंग तेलाच्या पाण्यात आधी भूल, मग मोजमाप, मग पोट चिरून सरळ दहा टक्के फॉर्मलिनमध्ये. चीर दिली नाही तर फॉर्मलिन आत पोहोचेपर्यंत पाचक रस आपलं काम करून टाकतात आणि हाती नुसता लगदा लागतो. मामी बाजूला उभी होती. "भूल देते, फाडते, अन् मंग औषधात घालते. खाले तं कामाचाच नाही राहिला!" नाहीच राहत. त्यासाठी मामीला बोडीतले वेगळे द्यायचं ठरलं.

रोहू, सायप्रिनस या कार्प माशांना जठर नसतं. घशातून थेट आतडं. त्यामुळे अभ्यासायला घ्यायचा तो आतड्याचा पुढचा, जरा फुगीर भाग. मागच्या वेटोळ्यांत जे असतं त्यावरून काही ओळखण्यात अर्थ नाही. बोटाएवढ्या सायप्रिनसचं आतडं बशीत उलगडलं. माशाच्या लांबीच्या दुपटीच्या जवळपास भरलं. पुढचा भाग बारीक कात्रीने उभा चिरला, तर आत तपकिरी लगदा, वाळूचे कण, आणि मधेच काहीतरी लालसर चमकलं. पाण्याच्या थेंबात सोडलं तर कायरोनोमसच्या अळीचं डोकं निघालं, घट्ट, पिवळट, दातांसकट. शरीर नाही, नुसतं डोकं. एक, मग दुसरं, मग ओळीने.

सायप्रिनसच्या घशात दात असतात, तो चावून गिळतो. म्हणून पुस्तकातल्या चित्रासारखी अख्खी अळी मिळायची नाही, तुकड्यांवरूनच ओळख पटवायची. गोगलगाईच्या शंखाचेही चुरे सापडले.

२५ ऑगस्ट

मोजायचं कसं, यावर दोन दिवस डोकं लावलं. नुसते नग मोजले तर एका डायटमला एका अळीएवढा मान मिळतो, हे कुणालाही पटणार नाही. नुसतं किती माशांच्या पोटात सापडलं हे बघितलं तर चिमूटभर आणि पोटभर एकच ठरतं. नटराजन आणि झिंगरन यांनी १९६१ मध्ये मांडलेला प्राबल्य निर्देशांक घ्यायचं ठरलं. आकारमानाचा टक्का गुणिले किती माशांत सापडलं तो टक्का, आणि सगळ्या गुणाकारांच्या बेरजेत प्रत्येकाचा वाटा. आपल्याकडच्या नद्या-तलावांच्या माशांवर हा वर्षानुवर्षं वापरला गेलाय.

आणि निवड तपासायला इव्हलेव्हचा निर्देशांक. समजा बांधीतल्या नमुन्यात मोइना ५ टक्के आणि पोटात २० टक्के, तर (२० − ५) भागिले (२० + ५), म्हणजे ०.६. शून्याच्या वर म्हणजे मासा ते शोधून खातो, खाली म्हणजे टाळतो किंवा त्याला ते सापडत नाही.

पण खरी अडचण सूत्रात नाही. गाळात ट्युबिफेक्स ढिगाने आहेत आणि पोटात एकही नाही. निर्देशांक म्हणणार, मासा त्यांना टाळतो. मला ते पटेना. आज चारशे पट मोठं करून लगदा पुन्हा बघितला, तेव्हा त्यात बारीक, टोकाला दुभंगलेले केस दिसले, झुबक्याझुबक्याने. ट्युबिफेक्सचे राठ केस तेच. किडा पचून गेला, केस राहिले. रोटिफरचंही तसंच, राहतात ते फक्त जबडे. उलट ऑस्ट्राकॉड हे बारीक कवचधारी जीव आपलं दोन झडपांचं कवच मिटून आतड्यातून जवळजवळ जसेच्या तसे जातात, आणि ढोबळ बघणाऱ्याला वाटतं मासा त्यांच्यावरच जगतोय.

म्हणजे पोटात ठळक दिसतं ते बऱ्याचदा न पचलेलं. ज्यावर मासा खरा पोसला जातो, ते आधी दिसेनासं होतं. यापुढे तक्त्यात केसांचा आणि जबड्यांचा रकाना वेगळा. 'ओळख न पटलेला लगदा' असं लिहून निम्मं पोट मोकळं करायचं नाही.

३ सप्टेंबर

काल पोळा, आज तान्हा पोळा. पोरं लाकडी बैल घेऊन दारोदार. काम बंद.

९ सप्टेंबर

मिश्र मत्स्यशेतीचं कुठलंही माहितीपत्रक उघडा, तळं तीन मजली इमारतीसारखं दाखवलेलं असतं. वर कटला, मधे रोहू, तळाला मृगल आणि सायप्रिनस, प्रत्येकाचं जेवण आपापल्या मजल्यावर. तळ्यात ते बऱ्यापैकी खरं आहे. बांधीत पाणी वीतभर. तिथे मजला एकच.

आजच्या पोटांत ते स्पष्ट दिसलं. मधल्या थरात खाणारा म्हणून ओळखला जाणारा रोहू इथे देठ चाटतोय. त्याच्या झालरीच्या ओठांना ते पुट खरवडणं सोपंच जातं. आतड्यात डायटम, ऑसिलेटोरिया आणि त्यातच अडकलेली कुजकी पानं. याहून लहान रोहूंचं आतडं आखूड असतं आणि त्यात पाण्यातले जीवच जास्त असतात. मासा वाढतो तसं आतडंही शरीरापेक्षा झपाट्याने लांबतं आणि खाणं शेवाळाकडे वळतं. सायप्रिनस गाळ तोंडात घेतो, चाळतो, नको ते थुंकतो. त्याच्या पोटात लाल अळ्या, केस, वाळू आणि धानाच्या मुळांचे तंतू. मुळांचे तंतू बघून मामांचा चेहरा बदलला. पण ते काळे पडलेले, कुजलेले होते, जिवंत मूळ पांढरं असतं. देठ हलवून दाखवले, एकही उपटला गेलेला नाही.

एक गोष्ट नोंदायला हवी. मासे असलेल्या बांधीत पाणी कायम गढूळ, शेजारच्या बांधीत नितळ. गढूळ पाण्यात ऊन आत जात नाही, त्यामुळे पाण्यात तरंगणारं शेवाळ कमी. म्हणजे मासा स्वतःचंच एक खाणं कमी करतोय आणि गाळ ढवळून दुसरं वर आणतोय. गवतही तिथे कमी निघालं. मामींचं निंदण वाचलं.

१६ सप्टेंबर

तुडतुडे दिसायला लागले. वरच्या बांधीवाले काका फवारणीच्या तयारीत. पाणी वरून खाली येतं, त्यामुळे त्यांच्या बांधीतलं औषध आमच्या माशांच्या अंगावर. संध्याकाळी मामा आणि काका पारावर बसले. काकांच्या हातात होतं ते सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातलं. हा गट माशांना फार विषारी, आणि तुडतुड्यांवर वापरला तर ते उलट जास्त उसळतात, कारण त्यांना खाणारे कोळी आणि ढेकूण आधी मरतात. हे मी सांगितलं तेव्हा काका म्हणाले, "तुमी सांगता बाई, पण तुडतुडा माझ्याच धानात आहे नं जी." त्यांचंही बरोबर. शेवटी ठरलं की आमच्या बांधीचं वरचं तोंड मातीने बुजवायचं, पाणी दुसऱ्या पाटाने घ्यायचं, आणि त्यांनी औषध कृषी सहायकाला विचारून बदलायचं.

चीनमधल्या पारंपरिक धान-मासे शेतीवर २०११ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास इथे आठवतो. मासे असलेल्या शेतांत धानाचा उतारा तेवढाच राहिला, कीटकनाशक मात्र ६८ टक्के आणि रासायनिक खत २४ टक्के कमी लागलं. कारणांपैकी एक अगदी साधं होतं. मासे देठांना धडकतात, तुडतुडे पाण्यात पडतात, मासे खातात. काल संध्याकाळी चराजवळ बसून बघत होते. देठ वाऱ्याविना हलत होते.

२० सप्टेंबर

पोटात तुडतुड्यांचे पंख आणि पाय. सायप्रिनसमध्ये जास्त, रोहूत तुरळक. त्याने तुडतुडे आटोक्यात आले असं मी लिहिणार नाही. मासे नसलेल्या बांधीत किती आहेत ते आधी चुडामागे (धानाच्या एकेका ठोंबामागे) मोजू.

१ ऑक्टोबर

आजची नोंद जरा लांब होईल.

धान निसवला आहे. सकाळी नऊनंतर फुलं उघडतात, दुपारपर्यंत मिटतात. त्या वेळात बांधीत उभं राहिलं की पाण्यावर पिवळट कूस पडलेलं दिसतं, गळालेले परागकोश. रोहूंचा थवा वर येऊन तोंडं उघडत होता. इतक्या आठवड्यांत ते पृष्ठभागावर खाताना पहिल्यांदाच दिसले.

साडेअकराला मासे घेतले. आतड्याचा पुढचा भाग नेहमीसारखा हिरवा-तपकिरी नव्हता, फिकट पिवळा होता. थेंब काचपट्टीवर घेतला. गोल, गुळगुळीत, एकाच छिद्राचे कण, गवतवर्गाच्या परागकणासारखे. पण माती-वाळूच्या गर्दीत गोल कण काहीही असू शकतो. म्हणून बाजूने आयोडीनचा थेंब सोडला. पिवळा रंग काचेखाली सरकत गेला आणि ज्या कणाला लागला तो कण आधी जांभळा, मग काळा. धानाचा भरलेला परागकण पिठाने, म्हणजे स्टार्चने, गच्च असतो. शेतीवाले परागकण सकस आहे का हे तपासायला आयोडीनच वापरतात. क्षणभरात सगळं दृश्य काळ्या ठिपक्यांनी भरलं. अधूनमधून परागकोशाच्या साली.

मामांना बोलावून दाखवलं. एक डोळा मिटून बराच वेळ बघत राहिले. "म्हंजे धान खातेच तं!"

खातो, पण पडलेला. धान स्वतःच्याच परागाने फळतो, आणि फूल उघडतं त्याच सुमारास ते काम होऊन गेलेलं असतं. पाण्यावर पडलेला पराग दाण्याच्या कामाचा नाही. चीनच्या ग्वांग्शी प्रदेशात बांधीत वाढवलेल्या कार्पला धानफुलांचा मासा म्हणूनच ओळखतात आणि चढ्या भावाने विकतात. हे ऐकल्यावर मामांनी पहिल्यांदा भावाची चौकशी केली.

११ ऑक्टोबर

चरात मरळ. कामट्यांच्या जाळीतून बारीक असताना आत आलेली असणार, किंवा पावसात धुरा ओलांडून. मरळ हवेतून श्वास घेते, ओल्या गवतातून सरपटत जाते. तिचं पोट उघडायला फार कौशल्य लागत नाही. खरं जठर, आखूड आतडं, आणि आत बेडकाचं पिल्लू, दोन कोतऱ्या आणि आमचा एक रोहू. आजोबा म्हणाले, "मरळीचा भाव तुमच्या रोहूच्या दुप्पट, तिले काऊन शिव्या देता?"

२५ ऑक्टोबर

दाणा भरला, बांधीचं पाणी काढलं. मासे सगळे चरात. आजच्या पोटांत काय आहे? गाळ. वाळू. स्वतःच्याच भावंडांचे खवले. लाल अळ्यांची डोकी क्वचित. रोहूचं आतडं जवळपास रिकामं.

चर म्हणजे बांधी नव्हे. देठ गेले, पुट गेलं, तुडतुडे गेले, फुलं गेली, आणि मासे दहाव्या हिस्स्यात दाटले. बोडीतल्या माशांची पोटं याच दिवशी आयोडीनने काळीभोर होतात, पण ते मामीच्या कोंड्याचं पीठ. कण वेडेवाकडे, एकही गोल नाही.

मामांचा आणखी एक प्रश्न, बांधीत कोंडा घालू का? रोवणीपासून पाणी काढेपर्यंत नको, तिथे खाणं आहे आणि ते फुकट आहे. चरात उतरल्यानंतर मात्र घालावा लागेल. उद्यापासून सकाळ-संध्याकाळ कोंडा आणि शेंगदाण्याची ढेप, अर्धी-अर्धी.

९ नोव्हेंबर

धान कापून झाला. मंडईच्या (दिवाळीनंतरच्या जत्रेच्या) आदल्या दिवशी चर उपसला, मासा गावातच संपला. दोन्ही बांध्यांचा धान वेगवेगळा झोडून तोलायचा आहे, त्याआधी उताऱ्यावर काही बोलणार नाही. मामा मात्र चर बुजवायला तयार नाहीत.

बरण्यांवरच्या चिठ्ठ्या पेन्सिलीने लिहिल्या होत्या, म्हणून फॉर्मलिनमध्येही वाचता येतात. तुडतुड्यांचे आकडे आणि पोटांचे तक्ते डिसेंबरात एकत्र लावेन. इटियाडोह धरणाचं पाणी उन्हाळी धानाला सुटलं तर त्याच बांधीत पुन्हा बोटुकली. उन्हाळ्यात तलावातून चढून येणारे मासे नसतील, पाणी कोमट आणि अळ्या वेगळ्या असतील. जाळी बदलावी लागेल, यावेळी कामट्यांच्या आतून नायलॉनची.